एक मिनिटाची सिरीयल आणि नव्वद भाग: मोबाईलवरच्या उभ्या मालिकांचं गणित

सध्या फेसबुक उघडा नाहीतर इन्स्टा, दोन-चार रील्स झाल्या की मध्येच एक क्लिप येतेच येते. लग्नाचा हॉल, भरजरी साडीतली सासू, ती सुनेच्या तोंडावर पाणी फेकते, नवरा म्हणतो चालती हो इथनं, आणि तेवढ्यात बाहेर आठ-दहा काळ्या गाड्या येऊन थांबतात, कोटवाला एकजण उतरतो आणि सुनेपुढं वाकून म्हणतो "मॅडम, साहेबांनी न्यायला पाठवलंय". सासूचा आ वासलेला. क्लिप संपली. पुढचं बघायचं तर ॲप डाउनलोड करा.

आपण हसतो, "काय पण दाखवतीत बे" म्हणतो आणि पुढं सरकतो. पण खरं सांगा, एकदा तरी बोट थांबलं असेल की नाही, त्या गाड्या कुणाच्या हे बघायला?

याला मायक्रोड्रामा म्हणतात. एक ते दोन मिनिटांचा एक भाग, असे साठ-सत्तर ते शंभर भाग, सगळं मोबाईल उभा धरून बघायचं. मी या लेखात उभी मालिका म्हणतो, सोपं पडतं. हसण्यावारी नेण्यासारखं हे आता राहिलं नाही, कारण चीनमध्ये २०२४ साली या उभ्या मालिकांनी ५० अब्ज युआनच्या वर धंदा केला, आणि त्याच वर्षी तिथल्या सगळ्या थेटरांची तिकीटविक्री होती साडेबेचाळीस अब्ज. आपल्या हिशोबात धरलं तर एकीकडं साठ हजार कोटी रुपयांच्या आसपास आणि दुसरीकडं पन्नासच्या आत. आपल्याकडं पण कुकू टीव्ही, स्टोरी टीव्ही, क्विक टीव्ही अशी ॲप्स आलीत आणि जोरात चाललीत.

ओळखीतले लोक मला यावर दोनच प्रश्न विचारतात (मोबाईलमधलं मला सगळं कळतं असा आमच्या गल्लीत एक गैरसमज आहे). एक, हे असलं बघतं कोण? आणि दोन, माझ्या खात्यातनं पैसे कसे काय कटले? मला वाटतं दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते सांगायला जरा मागनं यावं लागतं.

मेमरी कार्ड भरून द्यायचे ते दिवस

मोबाईलवर करमणूक ही काय कालची गोष्ट नाही. आधी नोकियावरचा साप होता, १९९७ पासूनचा. मग रिंगटोन आल्या, मग कॉलर ट्यून आली, जिचे महिन्याचे तीस रुपये बॅलन्समधनं कधी गेले ते कळायचंच नाही, चुकून कुठलं तरी बटण दाबलं की झालं चालू. लोकांनी इतकी बोंब मारली की शेवटी २०१३ मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की गिऱ्हाईकाचा दोनदा होकार घेतल्याशिवाय असली सेवा चालू करायची नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग मेमरी कार्डचा जमाना. नवी पेठेतल्या दुकानात दोन जीबीचं कार्ड द्यायचं, वर वीस-तीस रुपये, आणि दुकानदार कॉम्प्युटरवरनं गाणी आणि एखाद-दोन पिक्चर भरून द्यायचा. हिंदी पाहिजे का तेलगू का कन्नड हेही विचारायचा, सोलापूरच ते. आज ज्याला आपण कंटेंट म्हणतो ते त्या काळी असं कार्डात मावेल तेवढंच असायचं आणि संपलं की परत दुकानात जावं लागायचं.

नेटवर बघायचं म्हणलं तर परवडायचं नाही. ट्रायच्याच आकड्याप्रमाणं २०१४ मध्ये एक जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडायचे, २०१८ मध्ये तेच १२ रुपयांच्या आत आलं. मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीय, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीचे काही महिने फुकट वाटलं आणि बाकीच्या कंपन्यांना झक मारत दर पाडावे लागले. आता भारतात एक माणूस महिन्याला सरासरी २७ जीबीच्या पुढं डेटा वापरतो, हा नोकियाच्या अहवालातला २०२४ चा आकडा. दर नंतर वाढले, २०२४ च्या जुलैत तर चांगलेच वाढले, पण तोपर्यंत सवय लागली होती, आता कोण सोडतंय.

दुसरी सवय टिकटॉकनं लावली. २९ जून २०२० ला सरकारनं त्याच्यासकट ५९ चिनी ॲप्स बंद केली तेव्हा भारतात त्याचे वीस कोटी तरी वापरणारे होते. दहा दिवसाच्या आत, ८ जुलैला, इन्स्टाग्रामनं इथं रील्स चालू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स, तेही आधी भारतातच. ॲप गेलं पण अंगठ्यानं वर सरकवायची सवय गेली नाही, ती दुसऱ्यांनी आयती उचलली.

उभं का, आडवं का नाही?

पिक्चर आडवा असतो, टीव्ही आडवा, नाटकाचा रंगमंच आडवा. आपले दोन डोळेच शेजारी शेजारी आहेत, आडवंच बरं दिसतं. पण मोबाईल हातात उभाच बसतो, एका हातानं धरता येतो, दुसऱ्या हातानं सिटी बसचा दांडा धरता येतो. फोन आडवा करायचा म्हणजे दोन्ही हात गुंतले आणि शिवाय शेजारच्याला कळतं की हा आता निवांत काहीतरी बघायला बसलाय.

उभ्या चौकटीत काय मावतं ते बघा. लग्नाचा अख्खा मांडव मावत नाही, पण रडणारा एक चेहरा मस्त मावतो. दोन माणसं शेजारी उभी केली तर दोघांचे खांदे कापले जातात, म्हणून एकाच्या मागं एक उभं करतात नाहीतर आलटून पालटून चेहरे दाखवतात. मागचं घर, सेट, गर्दी काहीच धड दिसत नाही, त्यामुळं त्याच्यावर खर्चही करावा लागत नाही. एकच बंगला भाड्यानं घ्यायचा, त्याचाच हॉल, त्याचंच ऑफिस, त्याच्याच एका खोलीत हॉस्पिटल. आठ-दहा दिवसात अख्खी मालिका शूट होते आणि खर्च काही लाखांत भागतो. तेवढ्या पैशात साधा मराठी पिक्चरसुद्धा होत नाही. अभिनय भडक वाटतो तोही याचमुळं, तळहाताएवढी स्क्रीन, बाजूला रिक्षाचा आवाज, अर्ध्या लोकांनी आवाज बंद करून ठेवलेला, तिथं डोळ्यातल्या डोळ्यात अभिनय करून कुणाला दिसणार.

एवढं चटकन येतं कसं?

हा भाग थोडा तांत्रिक आहे पण सोलापूरकराला लगेच कळेल, कारण आपल्याला पाण्याचं सगळं पाठ आहे. आपलं पाणी उजनी धरणावरनं येतं, शंभरएक किलोमीटरवरनं. पण तुम्ही नळ सोडल्यावर ते उजनीतनं निघत नाही, ते आधीच तुमच्या भागातल्या टाकीत येऊन थांबलेलं असतं. व्हिडिओचं तसंच. मूळ व्हिडिओ कुठल्या तरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये असेल, पण जास्त बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या कॉपी मोठ्या शहरांत, आपल्या मोबाईल कंपनीच्या नेटवर्कच्या जवळ किंवा आतच ठेवलेल्या असतात. तुम्ही बोट लावलं की ती जवळची टाकी उघडते.

आणि घरी आपण काय करतो, पाणी आलं की आधी घागरी, हंडे, बॅरल भरून ठेवतो, कारण परत कधी येईल सांगता येत नाही. फोन पण तेच करतो, पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ते गोल गोल फिरतं ना मध्ये, तेव्हा घागर रिकामी झालेली असते. अजून एक, व्हिडिओ सलग येत नाही, दोन ते दहा सेकंदांचे तुकडे करून येतो आणि प्रत्येक तुकडा चांगल्या, मध्यम, हलक्या अशा चार-पाच प्रतीत तयार असतो. रेंज गेली की फोन हलक्या प्रतीचा तुकडा मागवतो. होटगी रोडनं जाताना मध्येच हिरोचा चेहरा पुसट होतो आणि परत साफ होतो, ते हेच.

उभ्या मालिकेला याचा दुहेरी फायदा. भागच मिनिटभराचा, त्यामुळं तुम्ही चौथा बघत असता तोवर पाचवा गुपचूप येऊन बसलेला असतो. वाट बघायला लागत नाही, आणि वाट बघायला लागली नाही की माणूस उठत नाही. (फरक एवढाच की हा नळ रोज चालू असतो. महापालिकेनं वाचावं.)

ताणायचं का तोडायचं

आता मुद्द्यावर येतो. टीव्हीवरची सिरीयल ताणतात म्हणून आपण शिव्या घालतो. एक चहाचा कप खाली पडायला तीन भाग, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा. पण ती ताणतात कारण तिथं विकायची वस्तू सिरीयल नसून जाहिरातीची जागा आहे. अर्ध्या तासात बावीस-तेवीस मिनिटं गोष्ट, बाकी साबण आणि तेल. गोष्ट जितके महिने चालेल तितके महिने जागा विकता येते, तुम्ही भांडी घासत घासत अर्धं लक्ष ठेवलं तरी चालतं, टीव्ही चालू असला म्हणजे बास. तुमच्याकडनं ते थेट काहीच मागत नाहीत, केबलचे पैसे सोडले तर.

उभ्या मालिकेत विकायची वस्तू म्हणजे पुढचा भाग. जाहिरात आहे ती वेगळीकडं, तीच सासू आणि काळ्या गाड्यांची क्लिप, ती मालिकावाल्यांनी फेसबुक-इन्स्टाला पैसे मोजून तुमच्यापुढं आणलेली असते आणि त्यांच्या खर्चातला मोठा हिस्सा शूटिंगवर जायच्या ऐवजी या जाहिरातीवरच जातो. तुम्हाला ॲपपर्यंत आणायलाच पैसे लागलेत, मग ते वसूल करायचे असतात. पहिले सात-आठ नाहीतर दहा भाग फुकट, आणि मग कुलूप. बाहेरच्या देशातल्या ॲप्सवर नाणी विकत घ्यायची आणि एकेक भाग उघडायचा, आपल्याकडं जास्त करून आठवड्याचं नाहीतर महिन्याचं पॅकेज.

म्हणून ही गोष्ट ताणून चालत नाही, तोडावी लागते. दर साठ-सत्तर सेकंदांनी, आणि बरोबर अशा ठिकाणी की हात पुढं गेलाच पाहिजे. कानाखाली मारायला हात वर गेला की भाग संपला. फाईल उघडली, आतला फोटो दिसायच्या आधी संपला. एकदा हे कळलं की मग कथा सगळ्या सारख्याच का असतात तेही कळतं, गरीब समजलेला जावई मुळात कोट्याधीश, नाहीतर टाकून दिलेली बायको मालकीण बनून परत. अपमान आणि बदला, अपमान आणि बदला. अपमान झाला की बदला बघितल्याशिवाय माणसाला उठवत नाही, आणि बदला कुलपाच्या पलीकडं ठेवलेला असतो.

सूप मांडीवर, फोन ग्लासाला टेकून

बघतं कोण, याचं उत्तर मला आमच्या मागच्या गल्लीत मिळालं. एक मावशी आहेत, विडी कामगार. दुपारच्याला दारातच बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटाला दोरा. समोर स्टीलचा ग्लास पालथा घातलेला आणि त्याला टेकवून फोन उभा. आमच्याकडच्या बायका दिवसाला हजार विड्या करतात, आठ-नऊ तास हात थांबत नाहीत, पण डोळे आणि कान बऱ्यापैकी मोकळे असतात, इतक्या वर्षांनी पान गुंडाळायला बघावं लागत नाही.

"काय बघलालात मावशी, सिरीयल का?"

"सिरीयल कुठली बाबा, ती रात्री. ही बारकी बारकी येतीत की. आपोआप पुढं जातंय, हात लावायला लागत नाही. हाताला सगळी तंबाखू."

घरात त्या तेलगू बोलतात, बाहेर मराठी, आणि बघतात ते हिंदीत नाहीतर तेलगूत डब केलेलं. ओठ कुठं आणि बोलणं कुठं, पण त्यांना त्याचं काही नाही. रात्री टीव्हीचा रिमोट नातवाकडं असतो, क्रिकेट नाहीतर कार्टून. हा फोन त्यांचा एकटीचा. मला वाटतं मोबाईलनं केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, एका घरात एक टीव्ही होता, आता चार माणसं असली तर चार पडदे आहेत आणि मावशीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं काहीतरी एकटीनं बघायला मिळतंय. ते आपल्याला टुकार वाटतं हा आपला प्रश्न.

आणि त्यांनीच अजून एक सांगितलं जे मला कुठल्या लेखात सापडलं नसतं. "दहावं झालं की थांबतंय बघ. मग मी हात पुशीत नाही, दुसरं लावून द्यायला नातवाला हाक मारते." म्हणजे कुलूप लागतं त्या क्षणी पहिल्यांदा हात लावायची गरज पडते, आणि तिथंच ॲपची सगळी कमाई अडकलेली. नातू बारा-तेरा वर्षाचा. तो हात लावतो. त्याचं पुढं सांगतो.

टीव्हीला अंदाज असतो, मोबाईलला माहिती असते

टीव्हीवर कोण काय बघतं ते कसं कळतं? बार्क नावाची संस्था आहे, तिनं देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत मीटर बसवलेत आणि त्यावरनं कोट्यवधी घरांचा अंदाज बांधतात, तोच टीआरपी. तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केला काय, चालू ठेवला काय, सिरीयलवाल्याला पत्ता लागत नाही.

मोबाईलमध्ये प्रत्येकाच्याच हातात मीटर आहे. तिसऱ्या भागात एकेचाळिसाव्या सेकंदाला किती जण उठून गेले, कुठला सीन मागं जाऊन परत बघितला, सगळं ॲपकडं नोंदलेलं असतं. त्यावरनं पुढं कोणाला काय दाखवायचं हे ठरवणारा जो हिशोब आहे त्यालाच अल्गोरिदम म्हणतात. त्यात जादू काही नाही आणि तो तुमचं बोलणं चोरून ऐकतो म्हणून हे होतं असंही नाही, तुम्ही कुठं थांबलात एवढ्यावरच त्याचं भागतं. यूट्यूबनं तर २०१२ मध्येच ठरवलं की किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघितलं त्याला जास्त वजन द्यायचं, तिथनं हे सगळं वळण लागलं.

याचा परिणाम लिहिणाऱ्यावर होतो. पहिल्या तीन सेकंदात काही घडलं नाही तर माणूस सरकतो हे आकड्यात दिसतं, मग पहिल्या तीन सेकंदात कानाखाली येते. लेखकाला वाटतं म्हणून येत नाही.

"छोटं केलं की चालतंय" असं पण नाही

इथं काहीजण म्हणतील, लोकांना आता दम राहिला नाही, छोटं द्या, चालतंय. तसं असतं तर क्विबी बुडालं नसतं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत हॉलिवूडच्या मोठमोठ्या लोकांनी क्विबी नावाचं ॲप काढलं होतं, फक्त मोबाईलसाठी, दहा मिनिटांच्या आतले भाग, नामांकित नट, फोन उभा धरा का आडवा धरा दोन्हीकडं चित्र बरोबर दिसायचं. पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले होते, तेव्हाच्या भावानं तेरा हजार कोटी रुपये. त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत बंद.

कारणं बरीच सांगतात, लॉकडाऊन लागला आणि लोक घरात टीव्हीपुढं बसले, क्लिपचा स्क्रीनशॉटसुद्धा काढता यायचा नाही त्यामुळं कुणी कुणाला पाठवलं नाही. पण माझ्या मते मूळ दुखणं असं की त्यांनी मोठा पिक्चर कापून छोटा केला, तोडायची जागा शोधली नाही, आणि सुरुवातीला नव्वद दिवस फुकट दाखवूनही पुढं महिन्याचे पैसे द्यावेत अशी ओढ लावता आली नाही. चिनी मालिकावाल्यांकडं ना तसे नट होते ना तसे पैसे, पण कुलूप कुठं लावायचं हे त्यांना कळलं होतं.

"लोकांना अक्कलच राहिली नाही"

हा आक्षेप जास्त करून पेन्शनर काकांकडनं येतो, आणि ते स्वतः रात्री अकरापर्यंत यूट्यूबवर राजकारण बघत असतात ते सोडा. माझं म्हणणं असं, गोष्ट ऐन रंगात तोडायची युक्ती मोबाईलची नाहीच. आपल्या मासिकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत कादंबऱ्या भागाभागानं यायच्या आणि शेवटी कंसात क्रमशः, तेही नायिका विहिरीच्या काठावर उभी असताना. लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे आणि त्यांना कुणी बिनडोक म्हणलं नाही.

फरक आहे तो वाट बघण्यात. तेव्हा मध्ये आठवडा जायचा, त्या आठवड्यात माणूस आपली कामं करायचा. आता मध्ये काहीच जात नाही. मावशीचं बरं आहे, त्यांचे हात चालू असतात, विड्या पडत असतात. पण ज्याचे हात रिकामे आहेत त्याचे दीड तास कुठं गेले ते त्याला कळत नाही, कारण नव्वद भाग म्हणजे शेवटी अख्खा पिक्चरच झाला, फक्त तो आपण "एकच बघून झोपतो" असं नव्वद वेळा म्हणत बघितलेला असतो. यावर माझ्याकडं उपाय नाही, मी पण त्यातलाच.

दोन रुपयांचा ट्रायल

आता पैसे कसे कटले ते. मावशीच्या नातवानं जिथं हात लावला तिथं लिहिलेलं होतं फक्त दोन रुपयात सगळे भाग. पोराला आजीचा पिन पाठ. दोन रुपये गेले, सगळे खूश. आठवड्यानं चारशेच्या आसपास कटले. मावशीची दोन दिवसाची विड्यांची मजुरी गेली आणि बँकेत फेरी ती वेगळी. कुठलं ॲप ते सांगत नाही, आणि एकट्या त्याचं हे काम नाही.

झालं काय तर त्या दोन रुपयाबरोबर ऑटोपे मंजूर झालं. ऑटोपे म्हणजे तुम्ही एकदाच पिन टाकून कायमची परवानगी देता की दर आठवड्याला किंवा महिन्याला एवढ्या रकमेपर्यंत माझ्या खात्यातनं आपोआप काढा. या परवानगीला मँडेट म्हणतात. यूपीआयवर ही सोय जुलै २०२० मध्ये आली, लाईट बिल, विमा, एसआयपी असल्यांसाठी चांगली आहे. पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दुसऱ्या वेळेपासनं पिन विचारतच नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं, आणि कळवतातही, पण ते इंग्रजीत आणि लोनच्या दहा मेसेजच्या मध्ये. ते मावशी काय वाचणार.

लोकांचा मोठा गैरसमज इथंच आहे. ॲप डिलीट केलं की सुटलो असं वाटतं. ॲप डिलीट केल्यानं मँडेट जात नाही, ते तुमच्या यूपीआयमध्ये जिवंत राहतं. फोनपे, गूगल पे, जे काही वापरता त्यात प्रोफाइल उघडा, ऑटोपे असं कुठंतरी लिहिलेलं असतं, त्यात चालू मँडेटची यादी दिसते, नको ते रद्द करा. रद्द करायला ॲपवाल्याची परवानगी लागत नाही. प्ले स्टोअरमधनं पैसे दिले असतील तर प्ले स्टोअरमध्येच सबस्क्रिप्शन म्हणून वेगळी यादी असते, ती पण बघा. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन घेऊन एकदा ही यादी उघडाच, बऱ्याच घरांत काहीतरी निघतं.

आणि तक्रार करता येते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं गिऱ्हाईकाला फसवून होकार घ्यायच्या १३ प्रकारांची यादी काढून त्यावर बंदी घातली, त्यात सोडायला अवघड असं सबस्क्रिप्शन गळ्यात मारणं हा एक प्रकार आहे. ग्राहक हेल्पलाईन १९१५. कॉलर ट्यूनच्या वेळी दोनदा होकार घ्या म्हणून सांगावं लागलं होतं, तेच प्रकरण परत आलंय, फक्त तीस रुपयांचे चारशे झालेत.

मग टीव्ही आणि थेटर बुडालं का?

आकडे बघितले तर गंमत दिसते. फिक्की ही उद्योगांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी दरवर्षी करमणूक धंद्याचा अहवाल काढतात, त्यानुसार २०२४ मध्ये भारतात डिजिटलची उलाढाल पहिल्यांदा टीव्हीच्या पुढं गेली, ८० हजार २०० कोटी विरुद्ध ६७ हजार ९०० कोटी. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क विकले तेव्हा टीव्हीचे आले २३,५७५ कोटी आणि देशातल्या इंटरनेटचे दोन्ही पॅकेज मिळून साधारण २३,७५८ कोटी. पण टीव्हीचे ६७ हजार कोटी हे काय बुडालेल्याचं लक्षण नाही, तो हळूहळू झिजतोय एवढंच. आणि थेटरचं म्हणाल तर मोठ्या तेलगू हिरोचा पिक्चर लागला की सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलगू वस्तीतली पोरं ढोल घेऊन पहिल्या शोला जातात, भागवत थेटरला तिकीट मिळत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला लोक तासभर पाळण्याच्या रांगेत उभे राहतात आणि रांगेत उभे राहून रील्स बघतात. दोन्ही चालू आहे. मार बसलाय तो मधल्याला, बरा पण फार मोठा नाही असा पिक्चर, ज्याला आधी लोक वेळ घालवायला जायचे. वेळ घालवायला आता खिशात सोय आहे.

मराठीत कधी?

आहेत काही, पण जास्त करून डब केलेल्या. कारण सरळ आहे, आपल्याला हिंदी कळतं. तमिळ नाहीतर तेलगू प्रेक्षकासाठी वेगळं करावंच लागतं, मराठी माणूस हिंदीतच पैसे देऊन मोकळा होतो, मग वेगळा खर्च कोण करेल. शूटिंग स्वस्त असलं तरी गिऱ्हाईक ॲपपर्यंत आणायची जाहिरात स्वस्त नाही हे वर सांगितलंच.

जुळे सोलापुरातल्या काही पोरांनी मात्र मनावर घेतलंय. एकांकिका स्पर्धा करणारी पोरं आहेत, हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर कामं केलेली, फोन चांगले आहेत, एका मित्राचा बंगला रिकामा आहे. गोष्ट पण इथलीच, चादरीच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारा कामगार, आणि मालकाची मुलगी. ॲपवाले दारात उभे करणार नाहीत म्हणून यूट्यूब शॉर्ट्सवर टाकायचं म्हणतात. मी त्यांना हिशोब सांगितला, शॉर्ट्सच्या जाहिरातीतनं पैसे पाहिजे असतील तर एक हजार सबस्क्रायबर आणि नव्वद दिवसात एक कोटी व्ह्यू लागतात, आणि मग तुमच्या वाटणीला येणाऱ्या रकमेतले ४५ टक्के मिळतात, लांब व्हिडिओला ५५ टक्के आहेत. मिनिटाच्या भागातनं घर चालत नाही. त्यापेक्षा सगळे भाग जोडून दीड तासाचा एक लांब व्हिडिओ पण टाका, आणि शॉर्ट्सला त्याची जाहिरात समजा. आणि लिहायला बसाल तेव्हा पहिला भाग आधी लिहू नका, दहावा लिहा, तो कुठं तुटतोय ते ठरलं की बाकीचे नऊ त्याच्याकडं आणता येतात.

त्यांनी मान डोलावली. पण अजून एक ओळ लिहून झालेली नाही, जॉबर कोण होणार यावरनंच दोघांत बोलणं बंद आहे.